चमकीशेजारी पुन्हा पुन्हा येणारा फोड : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला मी नाक-कान टोचण्याचं काम करते. टोचून घ्यायला जेवढ्या जणी येतात, जवळपास तेवढ्याच टोचून झालेलं नाक दाखवायला येतात. चमकीच्या कडेला लालसर फोड असतो. कुणी जांभळी नाक्यावरच्या सोनाराकडे टोचलेलं असतं, कुणी पार्लरमध्ये गनने, कुणी वाशीला स्टुडिओत. प्रश्न एकच असतो : "ताई, पिकलंय, काढून टाकू का?"

बहुतेक वेळा ते पिकलेलं नसतं आणि काढून टाकायची गरजही नसते. भरत आलेल्या जखमेला सतत धक्का लागत असतो किंवा तिच्यावर नको ते चोपडलं जात असतं, म्हणून त्या जागी जास्तीचं मऊ मांस वाढतं. धक्का थांबला की ते बसतं. म्हणून फोडावर काय लावायचं हे विचारण्याआधी त्याला रोज काय डिवचतंय ते शोधायचं.

आधी हे नाही ना, एवढं बघा

ताप आहे, लाली गालाकडे किंवा पापणीकडे पसरतेय, नाक गरम होऊन ठणकतंय, दाट हिरवट-पिवळा वास येणारा पू येतोय, किंवा चमकी कातडीत रुतून दिसेनाशी झालीय. यातलं एकही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच्या आज डॉक्टरांकडे जा. डोळा सुजला किंवा जोरात डोकं दुखायला लागलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांशी जोडलेल्या असतात. इथला संसर्ग आत सरकणं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर साधा पू दिसला तरी थांबू नका.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत चमकी स्वतः काढू नका. बाहेरचं तोंड पटकन मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची हे त्यांना ठरवू द्या. चमकी रुतलेली असेल तर तीही ओढून बाहेर काढायचा प्रयत्न नको.

लक्षणं ओळखा

पहिले काही दिवस सूज, थोडी लाली, हात लागला की दुखणं, एखादा रक्ताचा थेंब, हे सगळ्यांनाच होतं. त्यानंतर कित्येक आठवडे पातळ, पांढरट-पिवळसर लस येते आणि चमकीभोवती तिची खपली धरते. ती लस आहे, पू नाही. घाबरायचं कारण नाही आणि खपली नखाने काढायचंही नाही.

नेहमीचा, डिवचल्याने आलेला फोड बहुधा टोचल्यावर काही आठवड्यांनी येतो, म्हणजे सगळं बरं झालं असं वाटत असतानाच. भोकाच्या काठाला, बऱ्याचदा एकाच बाजूला, दोन-तीन मिलिमीटरचा गुलाबी किंवा लाल उंचवटा असतो. एरवी फारसा दुखत नाही, चमकी कशात अडकली की दुखतो. कधी ओलसर असतो आणि पुसताना त्यातून रक्त येतं. चार दिवस बसतो, सर्दी झाली किंवा एखादं लग्न झालं की परत वर येतो.

टोकाला पांढरा ठिपका असलेली पुळी वेगळी. तिच्यात थोडा पू असतो आणि फुटली की ती बसते. चमकीभोवती सगळीकडून खाज, बारीक पुरळ आणि पाण्यासारखी लस असेल तर संशय धातूवर. बरेच महिने उलटल्यावर कडक गाठ यायला लागली आणि ती भोकाची हद्द ओलांडून वाढतच राहिली, तर ते केलॉइड असू शकतं. केलॉइडची भीती घेऊन पुष्कळ जणी येतात, पण कानाची पाळी, छाती, खांदा या जागांच्या मानाने नाकपुडीवर ते कमी दिसतं. घरात आई, मावशी, भाऊ कुणाला केलॉइड असेल तर मात्र ते ध्यानात ठेवा.

इतका वेळ का लागतो

टोचलेलं भोक दोन्ही तोंडांकडून भरत आत येतं. बाहेरची कातडी एका बाजूने आणि नाकातलं ओलं अस्तर दुसऱ्या बाजूने मध्याकडे सरकतं. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांत बाहेरून सगळं छान दिसतं आणि मधला भाग अजून कच्चा असतो. नाकपुडी पक्की भरायला साधारण चार ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. दिवाळीनंतरच्या लग्नात नथ घालायची म्हणून गणपतीत नाक टोचलं, तर लग्नाच्या दिवशी ते भरलेलं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या फोडांपैकी पुष्कळ या हिशेबातून आलेले असतात.

आता तपासण्या. वरून खाली याच क्रमाने जा. पहिल्या दोन फुकट आहेत आणि बहुतेक फोड तिथेच बसतात. पहिल्या तीन गोष्टी एकदम सुरू करा, दोन-तीन आठवडे पाळा, रोज एकाच उजेडात फोटो काढा. त्यापुढचे बदल मात्र एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. हात आणि लेप

चमकी फिरवता का? "रोज फिरव, नाहीतर चिकटेल," हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. चिकटत नाही. दांडीभोवती जी कोवळी कातडी धरत असते ती फिरवल्याने सोलते, आणि वाळलेली खपली दांडीबरोबर आत ओढली जाऊन जखम खरवडते. दिवसातून दोनदा फिरवलं तर जखम रोज दोनदा नव्याने सुरू होते. फिरवणं आजपासून बंद.

मग काय काय लावताय ते आठवा. हळद आणि खोबरेल तेल, लसणाचं तेल, टूथपेस्ट, चुना, टी ट्री ऑइल, ॲस्पिरिनची पेस्ट, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी न मिसळता थेट बाटलीतलं जंतुनाशक. ही यादी मी लोकांच्या तोंडून ऐकलेली आहे. तेल आणि मलमाने भोकाचं तोंड बुजतं आणि लस आत साचते. स्पिरिट, पेरॉक्साइड आणि कडक जंतुनाशकं जंतूंबरोबर नवी धरणारी त्वचाही मारतात. हळदीने जागा पिवळी होते आणि लाली वाढतेय की कमी होतेय तेच दिसत नाही. आजीच्या मायेबद्दल मला आदर आहे. तिच्या काळी भोकात कडुनिंबाची काडी घालत, त्यामुळे निदान हलक्या धातूचा त्रास तरी टळायचा. पण काडी निर्जंतुक नसते आणि तिचा धागा आत राहिला तर तोच पिकतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी ट्यूबमधल्या मलमाने झालेलं बघितलं आहे. औषधाच्या दुकानात "फोडावर काहीतरी द्या" म्हटलं की अनेकदा स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. स्टिरॉइडने दोन-तीन दिवसांत लाली उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण जखम भरणं मंदावतं, कातडी पातळ होते, आणि ट्यूब थांबवली की फोड पुन्हा उसळतो. मग परत ट्यूब. महिनोन्‌महिने येत-जात राहिलेल्या फोडामागे मला बऱ्याचदा हे चक्र सापडतं. तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल आणि ती त्वचारोगतज्ज्ञांनी या फोडासाठी लिहून दिलेली नसेल, तर ती चमकीजवळ नको. बरेच आठवडे लावत असाल तर थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

फोड दाबू नका, सुईने फोडू नका, दोरा बांधू नका. त्यात दाबून काढण्यासारखं काही नसतंच.

२. टॉवेल, उशी, हेल्मेट, ओढणी

तोंड कशाने पुसता? टर्किश टॉवेलच्या फासात चमकी अडकते आणि हिसका बसतो. मऊ टिश्यूने किंवा स्वच्छ गॉजने टिपून घ्या, चोळू नका. कापूस नको, त्याचे तंतू दांडीला गुंडाळतात. उशीची खोळ दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि टोचलेल्या बाजूवर झोपू नका. फोड कायम एकाच बाजूला का येतो हे कोडं कित्येकदा झोपण्याच्या कुशीवरून सुटतं.

घोडबंदर रोडने रोज स्कूटरवर जाणाऱ्यांनी पूर्ण तोंडाचं हेल्मेट काढताना लक्ष द्यावं. ते वर ओढताना आतलं अस्तर नाकावरून घासत जातं. हेल्मेट घालायचंच आहे. फक्त काढताना खालच्या कडा दोन्ही हातांनी बाहेर ताणा आणि मग उचला. तोंडाला बांधलेला स्कार्फ, मास्क, सकाळच्या लोकलमध्ये समोरच्या बाईची बॅग, अंगावरून कपडा काढताना त्याचा गळा, हे सगळं एकदा नीट आठवून बघा.

महापे-रबाळेच्या काही कंपन्यांत गेटवर दागिने काढायला लावतात. कामाची पाळी (शिफ्ट) सुरू होताना चमकी काढायची आणि सुटल्यावर घालायची, असं करणाऱ्या मुलीचं नाक भरणं शक्यच नाही. नाकातलं अस्तर काही तासांतच मिटायला लागतं आणि रोज घालताना ते परत फाटतं. टोचण्याआधीच कंपनीत विचारा. परवानगी नसेल तर माझा स्पष्ट सल्ला असतो की आत्ता टोचू नका.

३. धुणं : कमी, साधं, नियमित

लागतं ते फक्त मिठाचं पाणी, ०.९ टक्क्याचं. औषधाच्या दुकानात नॉर्मल सलाइनची १०० मिलिलिटरची बाटली थोड्या पैशात मिळते. एकदा उघडली की ती निर्जंतुक राहत नाही, म्हणून आठवडाभर पुरवून वापरू नका. जखमेसाठीचा सलाइनचा फवारा मिळाला तर जास्त सोयीचा. सर्दीसाठी नाकात मारायचे औषधी फवारे यासाठी नकोत.

घरी करायचं झालं तर पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या. २५० मिलिलिटर पाण्याला लहान चहाच्या चमच्याचा पाव चमचा मीठ, सपाट, आणि दरवेळी ताजं. जास्त मिठाने जास्त फायदा होत नाही, उलट कातडी सुकते, तडकते आणि फोड वाढतो. मोजायला वेळ नसेल तर विकतचंच घ्या.

दिवसातून दोनदा पुरे. साबणाने हात धुवा. गॉज भिजवून चमकीवर पाचेक मिनिटं धरा. खपली मऊ होऊन आपणहून सुटली तर टिपून घ्या, नाही सुटली तर तशीच राहू द्या. नाकाच्या आतूनही हलक्या हाताने टिपा. शेवटी जागा कोरडी करा. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातून जून ते सप्टेंबर, हे सगळ्यात जास्त राहून जातं. ओली राहिलेली कातडी फुगून नाजूक होते आणि जराशा घासण्याने सोलते. ज्या सोसायट्या टँकरवर चालतात तिथल्यांनी आंघोळीनंतर शेवटचं धुणं सलाइनने करावं. तरणतलाव आणि येऊरचे पावसाळी ओढे जखम भरेपर्यंत बंद. फेसवॉश, सनस्क्रीन, फाउंडेशन चमकीपासून बोटभर लांब.

४. दांडीची लांबी आणि घडण

तीन आठवडे वरचं सगळं पाळूनही फोड तसाच असेल तर आता दागिन्याकडे बघायचं. इथे टोचणाऱ्या व्यक्तीची मदत लागते.

टोचताना सुजेसाठी दांडी मुद्दाम लांब ठेवतात. चार ते आठ आठवड्यांत सूज उतरली की तीच दांडी जास्तीची होते. शिंकलं, नाक शिंकरलं, तोंड धुतलं की ती आत-बाहेर सरकते आणि दरवेळी भोकाचा काठ घासते. आरशात बघा : खडा कातडीपासून लांब उभा राहतोय का, किंवा एका बाजूला कललाय का? फोड नेमका त्याच बाजूला असेल तर कारण सापडलं. आखूड दांडी बसवून घ्या. माझ्या अनुभवात आखूड दांडीने जेवढे फोड बसले तेवढे कुठल्याही औषधाने बसलेले नाहीत. उलट सूज असताना दांडी आखूड पडत असेल तर खडा कातडीत रुततो. तेव्हा लांब दांडी लागते, आणि तीही लगेच.

घडणही बघा. फिरकीच्या चमकीच्या दांडीवर बाहेरून आटे असतात. घालता-काढताना ते किसणीसारखे चालतात आणि नंतर त्यांत शेंबूड-लस अडकून राहते. तारेच्या चमकीचं वळवलेलं टोक नाकात फिरत राहतं. कच्च्या जखमेत सगळ्यात शांत बसते ती गुळगुळीत दांडीची आणि आतून चपटी चकती असलेली चमकी. दांडीची जाडी ०.८ किंवा १ मिलिमीटर असावी. त्याहून बारीक तार कच्च्या कातडीला हळूहळू कापत जाते.

नाक पक्कं भरेपर्यंत बाळी किंवा गोल तार नको, कारण ती सतत फिरते. नथ तर नकोच, तिचा भार भोकाच्या खालच्या काठावर येतो. मंगळागौर किंवा लग्न असेल तर दाबाची नथ दुसऱ्या नाकपुडीला लावा, फोटोत उजवीकडे दिसली तरी चालेल. त्याच नाकपुडीला लावली तर तिचा चाप फोडावरच बसतो.

५. धातू

खाज आणि पुरळ हेच मुख्य लक्षण असेल तर चौथी तपासणी सोडून थेट इथे या. स्टेशनबाहेर मिळणारी चमकी किंवा वन ग्रॅम सोन्याची चमकी म्हणजे हलक्या धातूवर मुलामा. ओल्या जखमेत मुलामा उतरतो आणि खालचं निकेल कातडीला लागतं. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. युरोपीय संघात टोचलेल्या जागेत घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. इतकं थोडंही कातडीला कळतं. ३१६ एल प्रतीच्या सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं. ते घट्ट धरून ठेवलेलं असल्याने बहुतेकांना चालतं, ॲलर्जी असलेल्यांना नाही चालत.

सोन्याबद्दल लोकांचा विश्वास मोठा असतो, तो थोडा तपासून घ्या. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, पण ते मऊ असल्याने त्यावर ओरखडे पडतात. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि चमकी त्याहून कितीतरी हलकी असते. म्हणजे तिची शुद्धता सोनाराच्या शब्दावर. ओळखीच्या सोनाराला दोन प्रश्न विचारा : मिश्रणात निकेल आहे का, आणि दांडीचा जोड कशाने झाळला आहे? पांढऱ्या सोन्यात निकेल असण्याची शक्यता जास्त. १४ किंवा १८ कॅरेटचं भरीव, निकेल नसलेलं सोनं चालतं. जखम बिघडलेली असताना मात्र माझी पसंती इम्प्लांट प्रतीच्या टायटॅनियमला, पाकिटावर एएसटीएम एफ १३६ लिहिलेलं. नाक भरलं की हवी ती सोन्याची चमकी घाला.

बदल स्वतः घरी करू नका. जुनी काढून नवी घालेपर्यंतच्या दोन मिनिटांतही कच्चं भोक आवळतं, आणि मग जोर लावताना आत दुसरीच वाट फुटते.

६. कोन, जागा आणि गन

भोक तिरकं गेलं असेल तर दांडी एका काठावर कायम दाब देते. दाब देणाऱ्या काठाला फोड येतो आणि वरचे सगळे उपाय करूनही परततो. गनने टोचलेल्या नाकात हे जास्त दिसतं. गनमधली चमकी सुईसारखी धारदार नसते, ती जोराने कातडी फोडत जाते. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, हा आणखी एक धोका. भोक नाकपुडीच्या वळणाच्या फार वर, कूर्चेतून गेलं असेल तर भरायला जास्त वेळ धरा.

तिरक्या भोकाला दुरुस्ती नाही. पू नाही याची खात्री करून चमकी काढायची, जागा मिटू द्यायची आणि निदान तीन-चार महिन्यांनी, व्रण मऊ झाल्यावर, शेजारी सरळ टोचून घ्यायचं. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण समोरचीने महिनोन्‌महिने निगा राखलेली असते. पण तिरक्या भोकात वर्षभर फोड जपण्यापेक्षा हे बरं. पुन्हा टोचताना सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जाते ना ते बघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवा.

७. इथे माझं काम संपतं

दागिना बदलून महिना-दीड महिना झाला आणि फोड तसाच आहे, गाठ कडक होऊन भोकाबाहेर पसरतेय, किंवा फोड लालभडक, ओला असून जरा लागलं की थांबवता न येणारं रक्त येतंय, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या प्रकारात बहुधा रक्तवाहिन्यांचा ग्रॅन्युलोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची मऊ गाठ, असतो, तो ते दवाखान्यातच काढू शकतात. केलॉइड असेल तर गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांच्या अंतराने देतात. नुसतं कापून टाकलं तर ते बऱ्याचदा मोठं होऊन परत येतं, म्हणून पार्लरमध्ये किंवा कुणाच्या ओळखीने गाठ "जाळून" घेऊ नका.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात त्वचेचे डॉक्टर बघतात. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. चमकीचा धातू कोणता, टोचलं कधी आणि कशाने, आणि फोड पहिल्यांदा कधी दिसला हे कागदावर लिहून न्या. रोजचे फोटो मोबाइलमध्ये असतीलच.